आजी-आजोबांची ड्युटी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावी झालेली मुलगी वृद्धाश्रमात कामाला लागली की घरून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "शेवटी आयाचंच काम ना?" आणि दुसरं, "प्रेमानं कर, सगळं जमेल." पहिल्यात कमीपणा आहे, दुसऱ्यात कौतुक. पण चूक दोन्हीत एकच आहे : या कामात शिकण्यासारखं काही नसतं, असं दोघांनाही वाटतं. मी नव्या मुलामुलींना हे काम शिकवते. प्रेम असूनही हात चुकला की काय होतं, ते रोज बघते.

साधा शर्ट घ्या. अर्धांगवायूनं आजोबांचा डावा हात लुळा पडलेला असतो. नवा मुलगा आधी उजव्या हातात बाही चढवतो आणि मग लुळा हात मागे ओढून दुसऱ्या बाहीत घालायला जातो. आजोबा कळवळतात. स्नायूंचा आधार गेलेला खांदा असा ओढला तर जागचा सरकूही शकतो. म्हणून कपडा घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. एवढी एक गोष्ट कळली तर सकाळची रडारड थांबते. हे प्रेमानं आपोआप सुचत नाही, कुणीतरी दाखवावं लागतं.

"आजी शांत झोपल्यात, कशाला हलवायचं?" हा तर फार महागात पडणारा गैरसमज. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा भार हाडांच्या टोकांवर येतो : माकडहाड, टाचा, कंबरेची बाजू, डोक्याचा मागचा भाग. तिथला रक्तपुरवठा दाबला गेला की त्वचा मरू लागते आणि बेडसोर होतो. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रपाळीतसुद्धा. एअर बेड आहे म्हणून ही पाळी चुकवायची नाही. गादीमुळे दाब कमी होतो, संपत नाही. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून बघा. लाली फिकी होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही, तो भाग काळपट दिसतो, हाताला गरम किंवा टणक लागतो. अशा जागी स्पिरिट चोळून पावडर लावायची जुनी पद्धत आहे, ती सोडून द्या. चोळल्यानं आतली नाजूक त्वचा आणखी दुखावते. आणि वर सरकवताना एकट्यानं बगलेत धरून ओढू नका. खाली आडवी चादर घालून दोघांनी मिळून उचला. तुमची कंबरही वाचते.

दुसरा मोठा गैरसमज विसरण्याबद्दलचा. "वय झालं की असंच होतं," असं म्हणून सोडून देतात. डिमेन्शिया हा म्हातारपणाचा भाग नाही, मेंदूचा आजार आहे. त्याचं सर्वाधिक आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर, ज्याचं पहिलं वर्णन अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये मांडलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. या माणसांना खरं-खोटं पटवून देण्यात काही हशील नसतं.

आमच्याकडे एक आजी होत्या, निवृत्त शिक्षिका. दुपारी जेवायला बसायच्याच नाहीत, "माझा वर्ग चालू आहे" म्हणायच्या. सगळे समजावून थकले. एका एकोणीस वर्षांच्या मुलीनं दारात उभं राहून सांगितलं, "बाई, मधली सुट्टी झाली." आजी उठल्या, हात धुतले आणि पानावर बसल्या. त्या मुलीनं आदल्या आठवड्यात त्यांच्या भाचीला विचारून घेतलं होतं, की यांना शाळेत काय म्हणायचे.

मात्र कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज एकाएकी बरळायला लागलं, तर तो डिमेन्शिया समजू नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवं औषध, यांपैकी काहीही असू शकतं. वयस्कर माणसाला अशा वेळी ताप येईलच असं नाही, तहानही कमी लागते. ताबडतोब सिस्टरना सांगा.

ऐकू येत नाही म्हणून ओरडू नका. वयानुसार आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात आणि ओरडताना आपली पट्टी नेमकी चढते. समोर या, चेहरा दिसू द्या, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोला. भरवताना माणूस ताठ बसलेलं हवं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. नाहीतर घास श्वासनलिकेत जातो.

"मुलांनी टाकलेल्यांची जागा" असंही वृद्धाश्रमाला म्हणतात. राहणाऱ्यांत अपत्य नसलेले असतात, मुलं परदेशी असलेले असतात, स्वतःहून आलेलेही असतात. त्यांच्याकडे कीव घेऊन जाऊ नका. वृद्धाश्रमाची कल्पनाही अलीकडची नाही. पुण्यातला 'निवारा' एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुरू झाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे.

हे मुलींचंच काम, असंही नाही. कित्येक आजोबांना अंघोळीला मुलगाच हवा असतो.

आता तुमच्यापुरतं. कामावर घेताना पगार, ड्युटीचे तास आणि साप्ताहिक सुट्टी लेखी मागा. हेपटायटिस बी लशीचे तीन डोस झालेत का, विचारा. इंजेक्शन देणं, कॅथेटर घालणं ही नोंदणीकृत नर्सची कामं आहेत. कुणी गळ घातली तरी "मला येत नाही" असं सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि पडू नये म्हणून कुणाला खाटेला बांधून ठेवलेलं दिसलं, तर ते सुरक्षित आहे असं मानू नका. सुटायच्या धडपडीत माणूस जास्त जखमी होतं. आधी प्रमुखांना सांगा. तिथं कुणी ऐकलं नाही, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४५६७. हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.