नरसाळं जरा उचला

रेशनच्या रॉकेलच्या रांगेत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. बाटलीच्या तोंडात नरसाळं घट्ट बसलं की रॉकेल वरच तुंबतं. नरसाळं जरासं उचललं की भडभड खाली उतरतं. कारण बाटली रिकामी कधीच नसते, तिच्यात हवा असते. रॉकेलला आत यायचं तर हवेला बाहेर जायला वाट हवी.

हे मला आठव्या वर्षी कळत होतं. पन्नाशी ओलांडल्यावर मात्र मी ते विसरलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागली.

माझी गाडी २००४ सालची. तिचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. थोरल्या बहिणीला, आमच्या आपाला, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कल्याणहून ठाण्याला न्यावं लागतं. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, राजनोली नाका आणि पुढं महामार्ग. वाटेत कुठं किती वेळ अडकू याचा नेम नाही, म्हणून टाकीत पेट्रोल हवंच.

मागच्या पावसाळ्यात पंपावर एक नवाच त्रास सुरू झाला. पोरानं नोझल लावलं की अर्ध्या लिटरात ‘खट्’, की पेट्रोल बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा खट्. टाकी तर निम्मी रिकामी. मागं रिक्षांचे हॉर्न, गाडीत आपा घड्याळाकडं बघतेय. माझा तोल गेला. ‘मीटर पळवतोस आणि पेट्रोल देत नाहीस,’ असं मी त्या पोराला चारचौघांत सुनावलं. मॅनेजर आले. प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं आणि मोजून दाखवा म्हणायचा गिऱ्हाइकाला हक्क असतो. त्यांनी तसं मोजून दाखवलं. पेट्रोल बरोबर रेघेवर आलं. मी काही न बोलता गाडी काढली.

आता हे ‘खट्’ काय असतं, ते समजून घेऊ. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून थोडी थोडी हवा आत ओढली जात असते. टाकी भरून पेट्रोल टोकापर्यंत चढलं की भोक बुडतं, हवा मिळेनाशी होते, आतला पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. यात वीज नाही, संगणक नाही. नोझलला टाकी दिसत नाही, फक्त आपलं टोक बुडालं की नाही एवढंच कळतं. म्हणून टाकी रिकामी असूनही पेट्रोल गळ्यातच तुंबलं, तर त्याच्या हिशेबानं टाकी भरलेली असते.

गळ्यात पेट्रोल तुंबतं कशानं? तर हवेची वाट अडल्यानं. पेट्रोल भरायच्या जाड नळीच्या जोडीला एक बारीक नळी टाकीच्या माथ्यापासून वर तोंडापर्यंत येते. आतली हवा आणि वाफ तिच्यातून बाहेर पडते. गॅरेजात तिला ब्रीदर म्हणतात, म्हणजे श्वासनळीच. ती दुमडली, चेपली किंवा मधेच झोळासारखी लोंबून तिच्यात पेट्रोल साचलं, की आपलं नरसाळं घट्ट बसलं म्हणून समजा.

मी गाडी आमच्या उस्तादांकडं नेली. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथं प्यूजो ३०९ बनत असे. उस्ताद तिथल्याच कामगारांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी आधी मला प्रश्न विचारले, पाना नंतर हातात घेतला. ते प्रश्न तुमच्याही उपयोगाचे आहेत.

पहिला, हे एकाच पंपावर होतं की सगळीकडं? एकाच ठिकाणी होत असेल तर दोष नोझलचा असू शकतो. सगळीकडं होत असेल तर आपल्या गाडीचा. दुसरा, धार हळू सोडली किंवा नोझल किंचित मागं घेतलं तर भरतं का? भरत असेल तर वाट अरुंद झाली आहे, पुरती बंद नाही. तिसरा, टाकीचं झाकण उघडताना जोरात फुस्स आवाज येतो का, गाडी काही अंतर गेल्यावर अडखळते का? तसं असेल तर झाकणातला किंवा टाकीचा हवेचा मार्ग तपासावा लागतो. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत कुंभारमाशी बाहेरच्या उघड्या नळीच्या तोंडात चिखलाचं घर करते, तेव्हाही असं होतं. चौथा, खटका पडल्यावरही काठोकाठ भरायची सवय आहे का?

या चौथ्या प्रश्नामागं कारण आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत कोळशाचा एक डबा असतो. टाकीतली वाफ हवेत न जाता त्या कोळशात मुरते आणि पुढं इंजिनात जळते. काठोकाठ भरलं तर वाफेऐवजी पेट्रोलच त्या डब्यात शिरतं आणि कोळसा निकामी होतो. शिवाय पेट्रोल उन्हानं फुगतं. तीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर अर्ध्या लिटरहून थोडं अधिक वाढतं. त्यासाठी टाकीत जागा हवी. पहिल्या खटक्याला थांबावं हे उत्तम.

प्रश्न संपल्यावर उस्तादांनी मागच्या चाकावरचं आवरण काढलं आणि श्वासनळी बाहेर ओढली. ती वळणावर चपटी होऊन चिकटली होती. ‘भाईजान, ही नळी पेट्रोलची नाही, पाण्याची आहे. कुणी बसवली?’

बसवायला मीच सांगितलं होतं. पावसाळ्याआधी टाकी साफ करायला काढली, तेव्हा जुनी नळी तडकलेली निघाली. नाक्यावरच्या पोरानं विचारलं, तर मी म्हणालो, असेल ती लाव. साधं रबर पेट्रोलच्या वाफेनं फुगतं, मऊ पडतं आणि वळणावर बसतं. आता तर २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांच्या रबराकडं त्यामुळं जास्तच लक्ष द्यायला हवं. नळी तडकली तर पेट्रोलचा वास येतो. तो वास आला की गाडी तशी चालवू नये, कारण पुढची पायरी आगीची असते. टाकीत तोंडानं फुंकणं, कॉम्प्रेसरची हवा मारणं, तोंडानं पेट्रोल ओढणं हे उद्योग घरी मुळीच करू नयेत.

उस्तादांनी पेट्रोलसाठीचीच नळी बसवली, कुठं झोळ राहणार नाही अशी चढती ठेवली आणि क्लिप आवळली. अर्ध्या तासाचं काम.

मी थेट पंपावर गेलो. तो पोरगा कोपऱ्यात चाकांत हवा भरत बसला होता. माझ्या तक्रारीनंतर त्याला पेट्रोलवरून काढून तिथं बसवलं होतं. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी ती चपटी नळी मॅनेजरांच्या टेबलावर ठेवली आणि चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच सांगितलं, दोष माझा होता. पोराची माफी मागितली.

तो काही बोलला नाही. हात पुसत आला, झाकण उघडलं, नोझल लावलं. आम्ही दोघंही काट्याकडं बघत होतो. दहा लिटर, पंधरा, अठरा. मग एकदाच, खट्.

‘झालं, काका,’ तो म्हणाला. ‘आता अजून टाकू नका.’