आशेच्या बैठकीसाठी जागा

रेडिएशनचं एक सत्र पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. त्यातही प्रत्यक्ष किरण देण्याचं काम थोड्याच मिनिटांचं; बाकीचा वेळ रुग्णाला टेबलावर नेमक्या खुणांवर झोपवण्यात जातो. आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे, म्हणजे २५ फेऱ्या. स्तनाच्या कर्करोगात कित्येक वर्षं हाच क्रम चालत आला. अलीकडे बऱ्याच रुग्णांसाठी तो तीन आठवड्यांवर आला आहे. आता अशीच एक रुग्ण शारजाच्या अल नाहदात राहते आणि उपचार दुबईत चालू आहेत, असं धरा. वीस मिनिटांच्या सत्रासाठी सकाळच्या रहदारीत जाऊन-येऊन तीन तास मोडतात. सोबत आलेला नवरा ऑगस्टच्या उन्हात पार्किंगमध्ये गाडीचा एसी चालू ठेवून बसतो, नाहीतर कॅफेटेरियात एका चहावर तास काढतो. डॉक्टरांनी कालच्या रिपोर्टबद्दल जे सांगितलं त्यातलं अर्धं दोघांनाही कळलेलं नसतं. ते कुणाला विचारावं, हा प्रश्न घेऊनच दोघं घरी परततात.

संयुक्त अरब अमिरातीत पस्तीस लाखांहून जास्त भारतीय राहतात. त्यांत अबुधाबी, दुबई, शारजा इथली हजारो मराठी घरं आहेत. देशाच्या कर्करोग नोंदणीत २०२१ या एका वर्षात साडेपाच हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत बहुसंख्य परदेशी नागरिक होते. लोकसंख्येचं प्रमाण पाहता त्यात आश्चर्य नाही. पण याचा अर्थ असा, की इथल्या बहुतेक रुग्णांच्या मदतीला आई, सासू, मावशी, शेजारची काकू यांच्यापैकी जवळ कुणीच नसतं. व्हिसा नोकरीला बांधलेला, विमा बहुधा कंपनीचा, आणि आजार नेमका नोकरीवरच घाला घालणारा.

उपचारांची बाजू या देशाने मनापासून उभी केली, हे आधी मान्य करायला हवं. अल ऐनचं तवाम रुग्णालय १९७९ पासून चालू आहे आणि देशभरातले कर्करोगाचे रुग्ण तिथे पाठवले जात आले. दुबईने २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने आरोग्यविमा सक्तीचा केला. कमी पगाराच्या कामगारांसाठी असलेल्या किमान योजनेला वर्षाला दीड लाख दिरहमची मर्यादा आहे. कर्करोगात ती मर्यादा झरझर संपते, हे ओळखून २०१८ मध्ये ‘बस्मा’ नावाची जोड दिली गेली. स्तन, गर्भाशयमुख आणि मोठं आतडं यांच्या कर्करोगात मर्यादा ओलांडल्यावरही उपचार चालू राहावेत, अशी ती सोय. १ जानेवारी २०२५ पासून उत्तरेकडच्या अमिरातींतही खासगी नोकरदारांना विमा बंधनकारक झाला. मशीन आहे, औषध आहे, डॉक्टर आहेत, आणि पैशाचीही बरीचशी तजवीज आहे.

उणीव आहे ती बसायच्या जागेची.

ही उणीव सगळ्यात नेमकी ओळखली ती एका रुग्णानेच. १९९३ मध्ये स्कॉटलंडमध्ये मॅगी केसविक जेंक्स या लेखिकेला तिचा स्तनाचा कर्करोग परत आल्याचं आणि हाती थोडेच महिने उरल्याचं सांगण्यात आलं. ते ऐकल्यावर तिला आणि तिच्या नवऱ्याला बाहेरच्या बोळात जाऊन बसावं लागलं, कारण खोली पुढच्या रुग्णाला हवी होती. त्या बोळातून तिची कल्पना निघाली: रुग्णालयाच्याच आवारात, पण रुग्णालयाचा भाग नसलेलं एक छोटं घर. जुलै १९९५ मध्ये ती गेली. पुढच्या वर्षी एडिंबराच्या वेस्टर्न जनरल रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या तबेल्यात पहिलं ‘मॅगीज सेंटर’ उघडलं. तिची देखभाल करणारी नर्स लॉरा ली पुढे या संस्थेची प्रमुख झाली. ब्रिटनमध्ये आज अशी वीसहून जास्त घरं आहेत. हाँगकाँगमध्ये त्वेन मुन रुग्णालयाच्या आवारात फ्रँक गेरी यांनी रेखाटलेलं केंद्र २०१३ मध्ये झालं, बार्सिलोनात सांत पाऊ रुग्णालयाच्या बागेत २०१९ मध्ये.

या घरांच्या रचनेतले बारकावे बघण्यासारखे आहेत. आत शिरताच रिसेप्शनचं टेबल नसतं, स्वयंपाकघराचं टेबल असतं. दारांवर पाट्या नसतात, कर्मचाऱ्यांच्या छातीवर नावाचे बिल्ले नसतात. चहा स्वतः करून घ्यायचा. स्वच्छतागृह असं हवं, की आत खुर्ची मावेल, आरसा असेल आणि कुणाला रडायचं असेल तर बाहेरून कुणी दार वाजवणार नाही. वास्तुरचनाकाराला दिल्या जाणाऱ्या सूचनांत या गोष्टी सरळ लिहिलेल्या असतात. त्या लिहिणाऱ्यांना आजारी माणसाची गरज खरोखर कळली होती.

अमिरातीत या कल्पनेला परकं वाटायचं कारण नाही, कारण तिच्यासाठी इथे शब्द तयार आहे: मजलिस. अरबी घराची ही बैठकीची खोली. पाहुणा आला की आधी कॉफी, मग खजूर, आणि कामाचं बोलणं त्यानंतर. २०१५ मध्ये अमिराती, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार यांनी मिळून मजलिसची नोंद युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत करून घेतली. आपल्या वाड्यातल्या ओसरीसारखीच ही जागा. आल्यागेल्याला कारण विचारलं जात नाही, बसायला सांगितलं जातं. दुबईत अल जलीला फाउंडेशनने कर्करोगग्रस्त स्त्रियांसाठी केंद्र काढलं तेव्हा त्याचं नावच ‘मजलिस अल अमल’ ठेवलं, म्हणजे आशेची बैठक. त्याआधीही पायवाट पडलेली होती. शारजात १९९९ पासून ‘फ्रेंड्स ऑफ कॅन्सर पेशंट्स’ काम करते. शेखा जवाहर बिंत मोहम्मद अल कासिमी यांनी उभी केलेली ही संस्था. तिच्या ‘पिंक कॅरव्हान’चे घोडेस्वार २०११ पासून सातही अमिरातींतून फिरतात आणि वाटेत मोफत तपासणी होते. दुबईत शल्यविशारद डॉ. हुरिया काझिम यांनी २००५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा आधारगट सुरू केला. माणसं आहेत, इच्छा आहे. पण मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाच्या आत, केमोच्या खुर्चीपासून पाच मिनिटांवर, कुठल्याही भाषेच्या रुग्णाला आणि त्याच्या माणसाला सहज शिरता येईल असं स्वतंत्र घर ही पुढची पायरी आहे. आणि तिथे गाठ पडते ती परवानगीशी.

दुबईत चार भिंती उभ्या करायच्या तर प्रकरण एका सहीवर भागत नाही. बांधकामाचा परवाना बहुतेक भागांत महापालिकेचा. फ्री झोन असेल तर तिथल्या प्राधिकरणाचा. सोबत वीज-पाण्यासाठी ‘देवा’ या प्राधिकरणाची, रस्त्यासाठी आरटीएची, आगीच्या सुरक्षेसाठी सिव्हिल डिफेन्सची, टेलिफोनवाल्यांची अशा एनओसींची चळत. खरा पेच मात्र इमारतीच्या उद्देशाचा. आत औषधोपचार होणार असतील तर दुबई हेल्थ ऑथॉरिटीचा परवाना आणि खोलीच्या मापापासून हात धुण्याच्या बेसिनपर्यंतचे नियम लागू. उपचार नसतील, नुसतं बोलणं आणि धीर देणं असेल, तर ते सामाजिक सेवेत मोडतं आणि विषय कम्युनिटी डेव्हलपमेंट ऑथॉरिटीकडे, म्हणजे सीडीएकडे जातो. औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ एका खात्याचा, समुपदेशक आणि समाजसेवक दुसऱ्या खात्याचे. दोघांना एका टेबलाशी बसवायचं तर दोन्ही खात्यांच्या फायली शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात. अबुधाबीत हेच काम तिथला आरोग्य विभाग आणि सामुदायिक विकास विभाग बघतात.

पैशाचा नियम तर आणखी कडक. इथे व्हॉट्सॲपवर ‘अमक्याच्या ऑपरेशनसाठी मदत करा’ असा निरोप फिरवणंही कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतं. दुबईत २०१५ च्या हुकुमानुसार वर्गणी गोळा करायला इस्लामी व्यवहार विभागाची परवानगी लागते. देशपातळीवर २०२१ चा देणग्यांविषयीचा कायदा आहे आणि त्यातला दंड लाखो दिरहमांत जातो. गणेशोत्सवाची पावतीपुस्तकं घेऊन दारोदार फिरण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे जाचक वाटतं. पण फसवणुकीला आळा बसावा म्हणून केलेला हा नियम आहे, आणि तो पाळून मोठी कामं झालेली आहेत.

त्याचा सर्वांत ठळक दाखला भारतीयांचा नाही, पाकिस्तान्यांचा आहे. दुबईच्या ऊद मेथा भागात, रशीद रुग्णालयापासून फार लांब नसलेल्या आपल्या आवारात ‘पाकिस्तान असोसिएशन दुबई’ने पाकिस्तान मेडिकल सेंटर बांधलं. समाजाने वर्गणी काढून उभारलेलं, नफा न घेणारं, आणि कुठल्याही देशाच्या रुग्णाला खुलं असलेलं हे केंद्र कोविडच्या ऐन काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालं. परवानाधारक संस्था, रीतसर परवानगी घेऊन जमवलेला निधी, आरोग्य खात्याची मान्यता, ही सगळी साखळी त्यांनी एकेक कडी जोडत पूर्ण केली. आपल्या संघटनांनी त्यांच्या दारात जाऊन ती फाईल नीट समजून घ्यावी, इतकं ते काम मोलाचं आहे.

भारतीयांच्या बाजूला आधार केंद्राची परंपरा अगदीच नाही असं नव्हे. नोव्हेंबर २०१० मध्ये जळगावच्या लेकीने, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी, दुबईत इंडियन वर्कर्स रिसोर्स सेंटरचं उद्घाटन केलं होतं. आज ते प्रवासी भारतीय सहायता केंद्र म्हणून ओळखलं जातं. पगार थकलेला, पासपोर्ट अडकलेला, मन खचलेला कामगार तिथे फोन करू शकतो. चोवीस तासांची हेल्पलाइन आणि समुपदेशन, दोन्ही मिळतं. हे केंद्र सुरू झालं ते जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका उंच इमारतीत, कुठल्याही रुग्णालयापासून दूर. वकिलाचा सल्ला हवा असेल तर ते चालतं. केमो घेऊन आलेल्या, उलटीची पिशवी हातात धरलेल्या बाईला तेवढं अंतर झेपत नाही.

रुग्णालयाला लागून नातेवाइकांसाठी छप्पर हवं, हे महाराष्ट्राला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. गाडगेबाबांनी जे. जे. रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १९५४ मध्ये मुंबईत धर्मशाळा उभी केली, तेव्हा मॅगी जेंक्स शाळकरी मुलगी होती. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसऱ्याने पुढे दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आणि नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन अशी ठिकाणं उभी राहिली. तरीही टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर आजही पथाऱ्या दिसतात.

आणि मुंबईतही गाडं अडतं ते जागेच्या परवानगीपाशीच. मे २०२१ मध्ये म्हाडाच्या १०० सदनिकांच्या चाव्या शरद पवार यांच्या हस्ते टाटा रुग्णालयाला देण्यात आल्या. रुग्णांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय व्हावी म्हणून. परिसरातल्या रहिवाशांनी हरकत घेतली आणि जूनमध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्णयाला स्थगिती दिली. लगेच बॉम्बे डाईंग मिलच्या जागेतल्या १०० सदनिका देण्याचं ठरलं, म्हणून प्रकरण मार्गी लागलं. पण त्या काही दिवसांत एक गोष्ट उघडी पडली. कर्करोगाच्या रुग्णाबद्दल सहानुभूती सगळ्यांना असते. तो आपल्या जिन्यात नको असतो. कर्करोग संसर्गाने पसरत नाही, एवढं सांगायलाही या शहरात मंत्र्यांना पुढे यावं लागावं, ही लाजेची बाब आहे.

लंडनमध्येही वेगळं घडलं नाही. ११२३ साली स्थापन झालेल्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या आवारात मॅगीजला जागा हवी होती. शेजारी जेम्स गिब्स यांचं अठराव्या शतकातलं भव्य दालन. त्या वारशाला नवी इमारत चिकटवू नका, म्हणून विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांत जुने डॉक्टरही होते. २०१४ मध्ये मंजुरी मिळाली, वाद कोर्टापर्यंत गेला आणि स्टीव्हन हॉल यांनी रेखाटलेलं केंद्र अखेर २०१७ च्या डिसेंबरमध्ये उघडलं. एका चहाच्या टेबलासाठी इतकी वर्षं.

मुंबई आणि लंडन यांच्या तुलनेत दुबईकडे एक मोठी सोय आहे: रुग्णालयं नवी आहेत आणि आराखडे अजून बदलता येतात. दिवंगत शेख हमदान बिन रशीद यांच्या नावाचं, दुबईतलं पहिलं धर्मादाय कर्करोग रुग्णालय अल जद्दाफमध्ये उभारण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली. त्यामागे तेच अल जलीला फाउंडेशन आहे, ज्याने आशेची बैठक चालवून दाखवली. जी संस्था मजलिस जाणते तीच रुग्णालय बांधते आहे, असा योग वारंवार येत नाही. झाडं लावून झाल्यावर, पार्किंगच्या रेघा मारून झाल्यावर आवारात जागा मागत बसण्यापेक्षा आत्ताच मागणं सोपं आहे.

ती मागणी मराठी माणसांनी करावी. एकट्याने नको, सगळ्या भारतीय संघटनांना सोबत घेऊन, सीडीएच्या परवान्याच्या चौकटीत राहून. अमिरातीतल्या प्रत्येक मंडळात एखादी निवृत्त नर्स, एखादा सिव्हिल इंजिनिअर, अरबीत अर्ज नीट लिहून घेणारं एखादं करामातलं टायपिंग सेंटर ओळखीचं असतंच. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाचं नियोजन महिनाभर आधी होतं, हॉलची परवानगी काढली जाते, फराळाच्या ऑर्डरी दिल्या जातात. यंदाच्या बैठकीत त्या विषयपत्रिकेवर आणखी एक ओळ घाला: रुग्णालयाच्या आवारात एक खोली, एक टेबल, चहाची किटली आणि मराठी, हिंदी, मल्याळम बोलणारं एक माणूस. अर्ज कुणी लिहायचा, ते त्याच बैठकीत ठरवा.