घरच्या एस्प्रेसोत यंत्राइतकेच दळणाला महत्त्व

कोलकाता : देशातील चहाचा पहिला लिलाव १८६१ मध्ये कोलकात्यात झाला; मात्र कॉलेज स्ट्रीटवरील अल्बर्ट हॉलमध्ये १९४२ पासून कॉफी हाऊसही नांदते आहे. आता कॉफीचा हा शौक घरच्या ओट्यावरील एस्प्रेसोपर्यंत पोहोचला आहे. यंत्र महाग असल्याने खरेदीपूर्वी त्यामागील तत्त्व जाणून घेणे हिताचे ठरते.

बारीक दळलेल्या कॉफीतून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ९ बार दाबाने पाठवले की एस्प्रेसो तयार होतो. साधारणतः १८ ग्रॅम पुडीपासून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम अर्क मिळतो. अर्क लवकर उतरल्यास तो आंबट व पातळ लागतो, रेंगाळल्यास कडवट. पहिल्या स्थितीत दळण अधिक बारीक, तर दुसऱ्या स्थितीत जाडसर करावे लागते. त्यामुळे एकसारखे दळणारी चक्की नसेल, तर महागडे यंत्रही निरुपयोगी ठरते.

यंत्रावरील ‘१५ बार’ हा आकडा पंपाची कमाल क्षमता दर्शवतो, चवीची हमी नव्हे. शेगडीवरील मोका पॉटमध्ये दाब जेमतेम १ ते २ बार असतो. त्यात कडक कॉफी होते, एस्प्रेसो नव्हे.

कोलकात्याची दमट हवा हे वेगळेच आव्हान. पूड ओलावा चटकन शोषते आणि अर्क उतरण्याचा वेळ बदलतो. म्हणून बिया हवाबंद डब्यात ठेवून ऐनवेळी दळाव्यात आणि पावसाळ्यात दळणाची जाडी वरचेवर तपासावी.