साबणाच्या वेष्टनामागची बारीक अक्षरं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "कर्नल साहेब, नकाशे आणि होकायंत्र झालं, आता साबणावर काय बोलणार?" बोलणार आहे, कारण या विषयात मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. आधी तेच सांगतो.

मी मेजर होतो. कंपनी बाडमेरकडे, वाळवंटात. कंपनीतली पोरं सातारा, सांगली, बेळगावकडची. डिसेंबरात एकेक जण खाज घेऊन येऊ लागला. पिंढऱ्या, कंबर, हात पांढरे पडलेले, काहींच्या अंगावर ओरखडे. मला वाटलं, अस्वच्छता. संध्याकाळच्या फॉल-इनला दहा मिनिटं झाडलं आणि हुकूम दिला : रोज दोनदा अंघोळ, तीही कँटीनमधला जंतुनाशक साबण सगळ्या अंगाला चोळून. फौजेत हुकूम पाळला जातो. दोन आठवड्यांत खाजणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली. एकाच्या पायाच्या भेगांतून रक्त यायला लागलं, तेव्हा बटालियनच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाय पाहिले, बोअरचं पाणी पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, यांना रोग झालेला नाही. तुमचा साबण झालाय." अंघोळ एकदाच, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल. महिन्याभरात पोरं ठीक झाली. मी मात्र तेव्हापासून साबणाचं वेष्टन वाचायला लागलो.

आता तुमच्या न्हाणीघरातला साबण घ्या. वेष्टन फेकलं असेल तर वाण्याकडे जाल तेव्हा बघा. चष्मा सोबत न्या.

पहिली गोष्ट, पुढच्या मोठ्या अक्षरांकडे बघू नका. पाठीमागे कुठेतरी 'टॉयलेट सोप' किंवा 'बेदिंग बार' असं लिहिलेलं असतं. दोन्ही अंगालाच लावायचे, पण सरकारी मानकं वेगळी. टॉयलेट सोपचं भारतीय मानक २८८८. त्यात तीन ग्रेड. ग्रेड १ मध्ये टीएफएम किमान ७६ टक्के, ग्रेड २ मध्ये ७०, ग्रेड ३ मध्ये ६०. बेदिंग बारचं मानक १३४९८, आणि तिथे ४० टक्क्यांनाही चालतं.

टीएफएम म्हणजे टोटल फॅटी मॅटर. साबण पाण्यात विरघळवून त्यात आम्ल टाकलं, की साबणातली स्निग्धाम्लं सुटी होऊन वर तरंगतात. ती वेगळी काढून वजन करायचं. १०० ग्रॅम वडीत ती किती निघाली, तो हा आकडा. सोप्या भाषेत, वडीत खरा साबण किती. उरलेल्यात पाणी, मीठ, सुगंध, रंग, आणि खालच्या ग्रेडमध्ये टाल्क, चिनी माती, स्टार्च असा भरणा. भरणा विषारी नसतो, पण आपण पैसे साबणाचे मोजतो आणि घरी माती आणतो. भरण्याची वडी पाण्यात लवकर लिबलिबीत होते, हे प्रत्येक घरातल्या बाईला मानक न वाचताच ठाऊक असतं.

एक हिशेब करू. किमती मी उदाहरणासाठी धरतोय. एक साबण १०० ग्रॅम, ४० रुपये, टीएफएम ७६. दुसरा १२५ ग्रॅम, ४२ रुपये, टीएफएम ६०. दुकानात हात दुसऱ्याकडेच जाणार. पंचवीस ग्रॅम जास्त आणि रुपये दोनच जास्त. पण पहिल्यात स्निग्ध भाग ७६ ग्रॅम, दुसऱ्यात ७५. म्हणजे मोठी वडी घेऊन तुम्ही एक ग्रॅम कमी आणलात आणि वर दोन रुपये दिलेत. वेष्टनावर ग्रॅमला किती पैसे पडतात ते छापलेलं असतं, ते इथे उपयोगाचं नाही.

बंगळूरच्या मंडळींना या बाबतीत थोडा अभिमान असतो. म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या काळात तिथे सरकारी साबण कारखाना उभा राहिला. त्यांचा चंदनाचा साबण आजही ग्रेड १ म्हणून विकला जातो. आमच्याकडे दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मोती साबण लागतोच, आणि तो उटण्याच्या वासाशी असा जोडला गेलाय की त्याचं वेष्टन वाचावंसं मला अजून वाटलेलं नाही.

आता एक गैरसमज काढू. अनेक व्हिडिओंत सांगतात, टीएफएम जास्त म्हणजे साबण सौम्य. तसं नाही. ७६ टक्क्यांचा साबणही साबणच. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन होतं. मोठ्या कारखान्यात बरंचसं ग्लिसरीन वेगळं काढून विकतात, कारण त्याला औषधांत आणि क्रीममध्ये मागणी असते. उरलेला साबण अल्कधर्मी, त्याचा पीएच ९ ते १०. आपल्या कातडीचा पाचाच्या आसपास. पीएचमध्ये एकेक आकडा म्हणजे दहापट, तेव्हा हा फरक हजारोपट आहे. धडधाकट कातडी काही तासांत सावरते. म्हाताऱ्यांची, तान्ह्या बाळांची, इसब असलेल्यांची आणि थंडीत वाळवंटात राहणाऱ्या जवानांची इतक्या लवकर सावरत नाही.

मग घटकांची यादी वाचू. सोडियम पामेट म्हणजे पाम तेलाचा साबण. सोडियम पाम कर्नेलेट म्हणजे पामच्या बियांतल्या गराचा, सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेलाचा. सोडियम टॅलोएट दिसलं तर ती जनावराची चरबी. ज्यांना चालत नाही त्यांनी हा एक शब्द पाठ करून ठेवावा. पामचा साबण वडीला टणकपणा देतो, फेस कमी पण मलईसारखा. खोबरेल आणि पाम कर्नेल भरभरून फेस देतात, पण प्रमाण वाढलं की अंग कोरडं करतात. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, म्हणून पूर्वी जहाजांवर तोच वापरायचे. म्हणजे फेस जास्त म्हणून साबण चांगला, हे गणित मुळातच चुकतं.

यादीत सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट किंवा सोडियम लॉरॉइल आयसेथायोनेट वर दिसलं, तर तुमच्या हातात मुख्यतः साबण नाही, सिंडेट आहे. म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला, साबणाचंच काम करणारा पदार्थ. त्याचा पीएच ५.५ ते ७ पर्यंत ठेवता येतो. गंमत अशी की सिंडेटची वडीही 'बेदिंग बार' म्हणूनच विकली जाते, कारण ते मानक साबणात असे पदार्थ मिसळायला मुभा देतं. म्हणजे त्या दोन शब्दांखाली मातीचा भरणा केलेली स्वस्त वडीही असू शकते आणि त्वचेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली महागडी वडीही. टीएफएमने यांची तुलना करू नका. साबणाशी साबण ताडा, सिंडेटशी सिंडेट.

आपल्याकडच्या यादीचा नियमही लक्षात ठेवा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्याखालचे मागाहून कुठल्याही क्रमाने. साबणात सुगंध साधारण एक टक्क्याच्या आसपास असतो. म्हणून वेष्टनावर बदामाचं भलंमोठं चित्र आणि यादीत बदाम तेल 'परफ्यूम'च्याही मागे, असं दिसलं की बदाम चित्रातच जास्त आहेत असं समजा. आणि साध्या साबणावर 'सल्फेट फ्री' लिहिलेलं पाहिलं की मला हसू येतं. सोडियम लॉरिल सल्फेट आणि त्याचा जरा मवाळ भाऊ लॉरेथ सल्फेट हे शाम्पू-फेसवॉशमधले गडी. तेलाच्या साबणात त्यांची गरजच नसते.

जंतुनाशकाचं काय? अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये घरगुती जंतुनाशक साबणांतले ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बान धरून १९ घटक बंद केले. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त गुणकारी आहेत, हे उत्पादकांना दाखवता आलं नाही, हे एक मुख्य कारण. करोनाच्या काळात हात धुवायला साधी वडी पुरली, कारण त्या विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं आणि स्निग्ध उचलणं हेच साबणाचं काम. माझ्या कंपनीतल्या पोरांना मी जे चोळायला लावलं, त्याची गरज कधीच नव्हती.

राहिलं पाणी. तंजावूरहून एका ताईंनी लिहिलंय, माहेरी येते तेव्हा साबण संपता संपत नाही आणि सासरी आठवड्यात संपतो. ताई, सासरचं पाणी जड असणार. दोन पेले घ्या, एकात फिल्टरचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं, आणि दोन्हींत साबणाचा चिमूटभर कीस टाकून ढवळा. बोअरच्या पेल्यात दह्यासारख्या गुठळ्या दिसतील. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा चोथा होतो. तो बादलीला चिकटतो, नळावर चढतो आणि अंगावरही राहतो. बाडमेरला पोरांच्या पिंढऱ्यांवर तोच होता. यादीत टेट्रासोडियम ईडीटीए किंवा एटिड्रोनेट असलं तर ते या क्षारांना थोडंफार बांधून ठेवतं, पण फार जड पाण्यापुढे त्याचं चालत नाही. अशा ठिकाणी सिंडेट बरा, त्याचा चोथा होत नाही. परवडत नसेल तर साबण कमी आणि शेवटचे दोन तांबे साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे.

आमच्या घरी सध्या दोन वड्या आहेत. ग्रेड १ ची माझी. सिंडेटची सौभाग्यवतींची, कारण गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पिंढऱ्यांवर मी तेच पांढरे पापुद्रे पाहिले आणि यावेळी हुकूम न सोडता सरळ डॉक्टरांकडे घेऊन गेलो. साबण कुठला वापरता, हाच त्यांचाही पहिला प्रश्न होता.

शाम्पूचं पुढच्या भागात. बाटली जवळ घेऊन बसा. जय हिंद.