दिवाळीपूर्वी जुन्या पलंगाचे रंगकाम

आश्विनाचा कृष्णपक्ष लागला की शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतून भिंती उजळू लागतात, देव्हारे पुसले जातात. माजघरातील पलंगाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. कीर्तनाच्या निमित्ताने या तालुक्यांत अनेक घरी मुक्काम घडतो. आजोबांच्या काळचा सागवानी पलंग पडवीत आणि त्याच्या जागी भुशाच्या फळ्यांचा नवा, हे दृश्य आता वारंवार दिसते. व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

सागास संस्कृतात ‘शाक’ म्हणतात. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त शय्या व आसने यांवर स्वतंत्र अध्याय असून शुभ काष्ठांत शाकाची गणना केली आहे. पक्ष्यांची घरटी असलेला वृक्ष तेथे वर्ज्य सांगितला आहे. (शकुनाच्या निमित्ताने का होईना, पाखरे वाचली!) लाकडातील छिद्रेही त्याने दोषांत मोजली. आपणही रंगाआधी छिद्रेच पाहावीत. खाली ताजा भुसा पडत असेल, तर कीड जिवंत आहे. तिचा बंदोबस्त केल्यावाचून वर रंग चढविणे व्यर्थ.

रेषा उठून दिसणाऱ्या निकोप सागावर रंग फासू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यास लाखेचे पॉलिशच शोभते. रंग द्यावा तो ठिगळे लावलेल्या, डागाळलेल्या अथवा पूर्वीच रंगविलेल्या पलंगास.

पण वाचकहो, पूर्वीच्या रंगातच खरा धोका आहे. जुन्या तेलरंगांत बहुधा शिसे असे. घरगुती रंगांत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपुरते मर्यादित करणारे नियम 2016 साली झाले व 2017 मध्ये अमलात आले. त्याआधीचा थर कोरड्या काचकागदाने घासला, की धूळ घरभर बसते, रांगत्या बाळाच्या हाताला लागून पोटात जाते आणि शिसे बालकाच्या मेंदूस कायमची इजा करते. म्हणून घट्ट बसलेला थर खरवडू नये. घासणे अटळच असेल, तर मुलांना दूर ठेवून, खाली प्लास्टिक अंथरून, नाकातोंडावर घट्ट मुखपट्टी बांधून, लाकूड ओले करूनच घासावे. निघालेला गाळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. अंगणात झाडू नये.

साग मूळचा तेलकट. उघडे लाकूड टर्पेंटाइनने पुसून मगच अस्तर द्यावे, भेगांत लांबी भरावी आणि वर तेलरंगाचे दोन पातळ हात द्यावेत. पहिला हात पुरता वाळल्यावाचून दुसऱ्याची घाई नको. वसुबारसेच्या आठवडाभर आधी काम उरकावे. दर्प जाईपर्यंत गादी घालू नये, आणि तान्ह्या बाळाला त्या खोलीत निजवू नये.