मुदतीपुरती चव

जपानी दुकानातल्या खाऊच्या पाकिटांवर दोन शिक्के वरचेवर दिसतात. एक 'किकान गेन्तेई', म्हणजे ठरावीक मुदतीपुरते. दुसरा 'चिइकी गेन्तेई', म्हणजे ठरावीक मुलखापुरते. पहिल्या शिक्क्याचा माल काही आठवड्यांत फळीवरून उतरतो आणि बहुधा परत येत नाही. दुसऱ्या शिक्क्याचा माल वर्षभर मिळतो, पण त्या त्या प्रांतातल्या रेल्वे स्टेशनवर, विमानतळावर किंवा हमरस्त्यावरच्या थांब्यावरच. वासाबीचे किटकॅट, मक्याच्या सूपची बर्फकांडी, काकडीच्या चवीची पेप्सी अशी जी नावे ऐकून बाहेरचा माणूस हसतो, ती सगळी या दोन शिक्क्यांच्या पोटातून आलेली आहेत.

मराठवाड्याला हे दोन्ही प्रकार शिक्क्याशिवाय ठाऊक आहेत. कळमनुरी तालुक्यातल्या वारंगा फाट्यावर नांदेडकडून येणारा रस्ता फुटतो. एक फाटा हिंगोली, वाशीम करत अकोल्याला जातो, दुसरा हदगाव, महागाव, यवतमाळवरून नागपूरकडे. या फाट्याचे नाव निघाले की पाठोपाठ खिचडीचे निघते. डाळ-तांदूळ सगळीकडे तेच, तरी प्रवासी तिथे गाडी थांबवून खिचडी खातात, कारण ती 'वारंगा फाट्याची' असते. ही मुलखाची चव. मुदतीची चव म्हणजे हुरडा. ज्वारीचा दाणा चिकात असतो तेवढेच दिवस तो खायचा. कणीस गोवऱ्यांच्या आगटीत भाजायचे, तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि लसणाच्या नाहीतर तिळाच्या चटणीबरोबर गरम दाणे तोंडात टाकायचे. दाण्यातल्या साखरेचे पिठात रूपांतर झाले की कणीस कडक होते आणि हुरडा संपतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी 'परभणी वसंत' हे वाण काढले आहे, पण निसर्गाची मुदत त्यालाही चुकत नाही.

जपानी कंपन्यांनी हीच मुदत पाकिटात बांधली. तिथले खाणे मुळातच ऋतूला धरून चालते. वसंतात साकुरा, उन्हाळ्यात कलिंगड, शरदात रताळे आणि चेस्टनट, हिवाळ्यात जड, लोण्यासारखे चॉकलेट. मेइजी कंपनीचे 'मेल्टी किस' हे चॉकलेट १९९२ पासून फक्त थंडीत विकले जाते. ते इतके मऊ असते की उन्हाळ्यात दुकानापर्यंत धड पोहोचणार नाही. इथे मुदतीला खरे कारण आहे. सगळ्या शिक्क्यांना असे कारण असतेच असे नाही.

साकुराची चव तर बारकाईने पाहण्याजोगी आहे. मार्चच्या सुमारास दुकाने गुलाबी पाकिटांनी भरतात आणि सगळ्यांवर चेरीच्या फुलांचे चित्र असते. प्रत्यक्षात ज्या वासाला जपानी माणूस साकुरा म्हणतो तो फुलापेक्षा पानाचा अधिक. ओशिमा जातीच्या चेरीची कोवळी पाने मिठात मुरवतात आणि त्यांत भाताच्या गोड गोळ्या गुंडाळून 'साकुरामोची' करतात. ताज्या पानाला सांगण्यासारखा वास नसतो. मुरताना पेशी फुटतात आणि कुमारिन नावाचे द्रव्य मोकळे होते. वाळलेल्या गवताच्या गंजीजवळ उभे राहिल्यावर जो गोडसर वास येतो, तो याच द्रव्याचा. साकुराच्या बिस्किटात किंचित खारटपणा लागतो तोही त्या मिठातल्या पानाची आठवण म्हणून. चित्र फुलाचे, चव खाऱ्या पानाची.

मुलखाच्या चवीचा सर्वांत गाजलेला नमुना किटकॅटचा. हे मूळचे इंग्लंडातल्या राऊंट्री कंपनीचे चॉकलेट. जपानात ते १९७३ मध्ये फुजिया कंपनीमार्फत आले. १९८८ मध्ये नेस्लेने राऊंट्री विकत घेतली. २००० मध्ये होक्काइदो बेटावर स्ट्रॉबेरीची चव निघाली, २००४ मध्ये हिरव्या चहाची, आणि मग दार सताड उघडले. आतापर्यंत तिथे तीनशेहून अधिक चवी निघून गेल्या आहेत. नावाचा योगायोगही कामी आला. 'कित्तो कात्सु' म्हणजे 'नक्की जिंकशील'. त्यामुळे प्रवेश परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर किटकॅट ठेवायची प्रथा पडली, आणि २००९ मध्ये तर वर पत्ता लिहून टपालाने पाठवता येईल असा पुडाच पोस्टात विकायला आला. आपल्याकडे परीक्षेला निघताना हातावर दही-साखर ठेवतात, त्याच जातीची ही गोष्ट.

प्रांतांच्या चवी काढताना कंपनीने नाव असलेल्या जुन्या घराण्यांना जोडून घेतले. शिझुओकाच्या वासाबीसाठी तामारुया, उजीच्या चहासाठी इतो क्युएमोन, आणि नागानोच्या तिखट चवीसाठी यावाताया इसोगोरो. हे शेवटचे दुकान १७३६ पासूनचे. झेन्कोजी या प्रसिद्ध देवस्थानाला येणारे यात्रेकरू तिथून मिरचीची मसालापूड घेऊन घरी जात. तीर्थाला जाऊन रिकाम्या हाताने परतायचे नाही, हा रिवाज पंढरपूरच्या वारकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. जपानीत अशा भेटवस्तूला 'ओमियागे' म्हणतात. ती घरच्यांइतकीच कचेरीतल्या सहकाऱ्यांसाठी असते, म्हणून डब्यातला प्रत्येक तुकडा वेगळ्या वेष्टणात असतो आणि डब्यावर नगांची संख्या ठळक छापलेली असते. मुलखापुरत्या चवीचा अर्धा धंदा या रिवाजावर उभा आहे. जे तोक्योतही मिळते ते होक्काइदोहून आणून देण्यात काय मजा?

मुदतीच्या चवीचा धंदा मात्र कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांवर चालतो. 'कोम्बिनी' म्हणून ओळखली जाणारी ही दुकाने जपानात पन्नास हजारांहून जास्त आहेत. एका दुकानात सुमारे ३००० प्रकारचा माल मावतो. दर आठवड्याला, बहुधा मंगळवारी, नवा माल लागतो आणि जो खपत नाही तो उठवला जातो. रोज तेच गिऱ्हाईक त्याच दारातून आत येते, त्याला फळीवर काहीतरी वेगळे दिसायला हवे. कारखान्याला हे महाग पडत नाही, याचे कारण खाऊच्या घडणीत आहे. बटाट्याचा वेफर तळून निघतो तेव्हा बेचवच असतो. नंतर तो फिरत्या पिंपात जातो आणि त्यावर मसाल्याची भुकटी पडते. चव बदलायची तर भुकटी आणि पाकीट बदलायचे, बटाटा आणि कढई तीच. किटकॅटमध्ये चव असते ती वरच्या थरात आणि पापडीमधल्या साईत. चमत्कारिक चवींना बहुतेक वेळा पांढरे चॉकलेट वापरतात, कारण कोकोचा कडवटपणा चहा, रताळे, खरबूज सगळ्यांना गिळून टाकतो.

भुकटीत काय टिकते आणि काय मरते, यावरच या चवींचे बरेवाईट ठरते. समुद्री शेवाळ, मिरची, कढीलिंबासारखी वाळवलेली पाने, भाजलेला चहा ही मुळातच वाळवून साठवायची जिन्नस, ती पाकिटात चांगली उतरतात. वासाबीचे तसे नाही. तिचा झणका किसताना तयार होतो आणि हवेत काही मिनिटांत उडून जातो, म्हणून वासाबीच्या किटकॅटमध्ये गोडाखाली हिरवट वासाची एक रेघ तेवढी राहते. सोया सॉसचे किटकॅट ऐकायला भयंकर वाटते, पण जिभेवर जळक्या साखरेच्या पाकाकडे झुकते. नावात जेवढा धक्का असतो तेवढा चवीत क्वचितच असतो. पुष्कळ चवी एकदा पाहण्यासाठी घ्यायच्या आणि विसरायच्या, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

धक्का खरोखर द्यायचा ठरवले तर काय होते, हे अकागी न्यूग्यो कंपनीने दाखवले. 'गारीगारी-कुन' ही तिची बर्फकांडी १९८१ पासूनची, शाळकरी पोरांच्या खिशाला परवडणारी. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीने तिची मक्याच्या सूपची चव काढली. फिकट पिवळा बर्फ, आत मक्याचे खरे दाणे. मागणी इतकी आली की काही दिवसांतच विक्री थांबवावी लागली, कारखाना पुरा पडेना. या यशाने हुरळून पुढे २०१४ मध्ये टोमॅटोच्या रस्स्यातल्या शेवयांची, जपानीत 'नापोलितान' म्हणतात त्या पदार्थाची, चव निघाली. ती लोकांनी एकदा चाखली आणि पुन्हा हात लावला नाही. नुकसान सुमारे ३० कोटी येन. मका मुळात गोड असतो, गार झाला तरी त्याचे गणित जुळते. टोमॅटोच्या भाजीचा बर्फ जुळत नाही. सनटोरीने जपानात पेप्सीच्या अशाच उन्हाळी चवी काढल्या: २००७ मध्ये काकडी, २००९ मध्ये शिसो नावाचा तुळशीच्या कुळातला पाला, २०१२ मध्ये मीठ लावलेले कलिंगड. शेवटच्या चवीला आपल्याकडे कोणी नाक मुरडणार नाही.

वेफर्सच्या बाबतीत काल्बी कंपनीने २०१७ मध्ये मोठी मोहीम हाती घेतली. जपानच्या ४७ प्रांतांसाठी ४७ चवी, त्याही स्थानिक लोकांना विचारून. त्याच वर्षी निसर्गाने कंपनीला दुसरा धडा दिला. २०१६ च्या वादळांनी होक्काइदोतले बटाट्याचे पीक बुडाले होते, आणि एप्रिल २०१७ मध्ये नेहमीच्या चवींपैकी कितीतरी पाकिटांची विक्री थांबवावी लागली. मुदतीचा शिक्का नसलेला माल अचानक दुर्मीळ झाला आणि लोकांनी चढ्या भावाने घेतला. मेइजीच्या 'कार्ल' या १९६८ पासूनच्या मक्याच्या खाऊचेही असेच झाले. खप घटला म्हणून २०१७ मध्ये कंपनीने त्याची पूर्व जपानातली विक्री बंद केली. देशभर मिळणारा खाऊ एका निर्णयाने पश्चिमेचा खास पदार्थ बनला, आणि तोक्योचे लोक ओसाकाहून तो भेट म्हणून आणू लागले.

वारंगा फाट्याच्या खिचडीचे वेफर्स निघू शकतील का, असा प्रश्न इथे सहज येतो. हळद हाताशी आहे. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जपानी माणसालाही हळद परकी नाही. तिला तिकडे 'उकोन' म्हणतात, तिथल्या करी पावडरीला रंग तीच देते, आणि हाउस फूड्स कंपनीचे 'उकोन नो चिकारा', म्हणजे हळदीची शक्ती, हे पेय २००४ पासून दारूच्या बैठकीआधी घेण्यासाठी विकले जाते. जिरे, लसूण, हळद यांची भुकटी वेफरवर छान बसेल. राहील ती वाफ, आणि डाळ-तांदळाचा मऊपणा. कुरकुरीत खिचडी ही कल्पनाच खिचडीच्या विरुद्ध जाते. हुरड्याचे पाकीट तर त्याहून अवघड, कारण त्याची गोडी तोडल्यापासून ओसरू लागते. तरी प्रयत्न करण्यासारखा आहे. २०१० मध्ये लेजने भारतातल्या लोकांकडूनच चवी मागवल्या तेव्हा आंब्याचे वेफर्स बाजारात आलेच होते.

तिकडून कोणी नातेवाईक, विद्यार्थी किंवा कामावर गेलेला गाववाला असा खाऊ घेऊन आला तर तो खाण्याचीही थोडी रीत आहे. पाकीट एकट्याने संपवू नये. तुकडे करून चारचौघांत वाटावे, आधी सौम्य, मग खारे, शेवटी तिखट, आणि मधे दोन चुरमुरे खाऊन जीभ कोरी करावी. चॉकलेट उन्हाळ्यात मागवू नये. कोकोचे लोणी साधारण ३४ अंशांना वितळते आणि हिंगोलीचा मे महिना ४० च्या पुढे असतो. शाकाहारी माणसाने जपून राहावे, कारण जपानी पाकिटावर आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो. भाजीचे चित्र असलेल्या वेफर्सच्या मसाल्यातही कोंबडी, डुक्कर किंवा वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क असू शकतो, आणि जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन. साके या मद्याच्या चवीच्या किटकॅटमध्ये थोडा मद्यार्कही होता. घटकांची यादी फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून वाचता येते, तेवढे करावेच.

आणि फेकण्याआधी तारीख नीट पाहावी. जपानात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम असतो. पाकिटावर २६.०८.११ असे छापले असेल तर ती ११ ऑगस्ट २०२६ आहे. आपल्या सवयीने ती २६ ऑगस्ट २०११ वाचली जाते आणि चांगला खाऊ उकिरड्यावर जातो.