लाखोळीची डाळ आणि डोक्यावरचे चुंबक

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले म्हणजे आपण बेसनाचा लाडू उचलतो आणि तोंडात टाकतो. हे बेसन कोणत्या डाळीचे, ती डाळ कोणाच्या शेतात पिकली, असली चौकशी त्या वेळी कोण करीत बसणार! परंतु याच सुमारास तिकडे भंडारा जिल्ह्यात एक मौजेचा प्रकार चाललेला असतो. वैनगंगेच्या खोऱ्यात धान पिकण्याच्या बेतात आलेले असते, बांधीत अजून ओल असते, आणि शेतकरी त्या उभ्या धानातच दुसऱ्या एका पिकाचे बी फेकीत चाललेला असतो. नांगरणी नाही, खत नाही, पाणी देणे नाही. धान कापून झाले की खालचे हिरवे रोप आपोआप वर येते. या पद्धतीला उतेरा म्हणतात आणि त्या पिकाचे नाव लाखोळी. कोणी लाखोरी म्हणतात, कोणी नुसतेच लाख. उत्तरेकडे तिलाच खेसारी हे नाव आहे.

लाखोळीसारखे गुणी पीक विरळाच. पाऊस दडी मारो की शेतात पाणी तुंबो, ती तग धरते. तिच्यात प्रथिने भरपूर. कोवळ्या पाल्याची भाजी होते, दाण्याची डाळ होते, राहिलेला भुसा जनावरे आवडीने खातात. गरिबाच्या घरी याहून अधिक काय हवे? आणि तरीही या गुणी डाळीच्या नावाला एक डाग लागलेला आहे. ही डाळ माणसाला पांगळे करते, असे शेकडो वर्षांपासून बोलले जाते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथातही तसा उल्लेख आहे.

हा डाग खोटा म्हणावा, तर इतिहास आड येतो. भंडाऱ्याच्या उत्तरेस, आजच्या मध्य प्रदेशात, सागर जिल्हा आहे. त्या भागात १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षे गव्हाचे पीक बुडाले. एकदा गारांनी, एकदा पावसाअभावी, एकदा रोगाने. तगली ती एकटी खेसारी. लोकांनी तीच खाऊन दिवस काढले. पुढे १८३३ च्या सुमारास धडधाकट तरुण माणसांचे कमरेखालचे अंग एकाएकी लुळे पडू लागले. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. तिकडे युरोपातही नेपोलियनच्या स्वारीच्या वेळी स्पेनमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा हेच घडले. गोया या थोर चित्रकाराच्या एका चित्रात या धान्याच्या लापशीभोवती जमलेली माणसे आहेत, आणि त्यांच्या पायाशी एक बाई जमिनीवर आडवी पडलेली आहे. १८७३ साली इटलीतील कांतानी या डॉक्टरने या रोगाला लॅथिरिझम हे नाव दिले.

रोगी कसा ओळखावा? तो चवड्यांवर चालतो, गुडघे ताठ असतात, आणि चालताना एक पाय दुसऱ्याच्या आड येतो, कात्रीच्या पात्यांसारखा. वैद्यकाच्या पुस्तकांतून अशा रोग्यांचे चार वर्ग केलेले आढळतात: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि रांगणारा. वर्गवारी चारच शब्दांची. पण तिच्यात एकेका घराची सगळी कर्मकथा येऊन जाते, कारण हा रोग बहुधा ऐन कमावत्या वयातल्या पुरुषाला गाठतो.

आता प्रश्न असा की, बिघाड नेमका कोठे असतो? आपण म्हणू, पाय चालत नाहीत तेव्हा बिघाड पायातच. पण या रोग्याच्या पायाचे स्नायू फारसे वाळलेले नसतात. डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबरी हातोडीने हलकेच ठोकले तर पाय नेहमीपेक्षा जोराने उडतो. म्हणजे पाय जिवंत आहे, पायाकडची शीर जिवंत आहे. मग हुकूम अडतो कोठे?

पायाला हुकूम देणारा धनी राहतो डोक्यात. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिच आणि हित्झिग या दोघा डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श केला, तो विरुद्ध बाजूचा पाय हलला. पुढे कॅनडात पेनफिल्ड या शस्त्रवैद्याने मेंदूच्या शस्त्रक्रिया करताना, जाग्या असलेल्या रोग्यांच्या मेंदूवर असाच स्पर्श करून अंगाचा नकाशाच तयार केला: येथे अंगठा, येथे ओठ, येथे पाऊल. परंतु त्यासाठी कवटी उघडावी लागे. चांगल्या माणसाचे डोके कोण उघडू देईल?

ही अडचण सोडविली ती चुंबकाने. तार आणि चुंबक यांचे नाते फॅरडेने १८३१ सालीच दाखवून दिले होते: चुंबकाचे बळ झटक्यासरशी बदलले की जवळच्या तारेत वीज उत्पन्न होते. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तत्त्व माणसाच्या डोक्यावर लावले. तांब्याच्या तारेचे एक वेटोळे डोक्यावर धरायचे आणि त्यातून विजेचा जबरदस्त झटका सोडायचा. तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ! चुंबकाचे बळ हाडातून विनासायास आत शिरते आणि मेंदूच्या वरच्या थरात किंचित वीज जागी करते. ‘टक्’ असा आवाज होतो, आणि मनात नसताना माणसाचा अंगठा हलतो. डाव्या बाजूला वेटोळे धरले तर उजव्या हाताचा, उजव्या बाजूला धरले तर डाव्याचा. कवटी उघडणे नाही, भूल नाही. मात्र ज्याच्या डोक्यात धातूचा तुकडा आहे, छातीत हृदयाचे यंत्र बसविलेले आहे किंवा ज्याला फेफरे येते, अशा माणसाच्या बाबतीत डॉक्टर फार सावध राहतात.

खरी गंमत पुढेच आहे. डोक्यावर टक् झाल्यापासून हाताचा स्नायू हलेपर्यंत सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतले सुमारे वीस भाग लागतात. पायाला सुमारे तीस. मग तेच वेटोळे पाठीच्या कण्याशी धरून तेथून पायापर्यंतचा वेळ मोजायचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की मेंदूपासून कण्याच्या तळापर्यंतच्या प्रवासाचा वेळ हाती येतो. टपाल उशिरा पोचले, तर ते मोठ्या टपालघरात रखडले की गल्लीतल्या पोस्टमनपाशी, हे हिशोबाने कळावे, तसेच हे आहे. पायाचे ठाणे मेंदूच्या दोन अर्धगोलांमधील खाचेत खोल दडलेले असल्याने तेथे झटका पोचविणे जरा कठीण जाते; त्यासाठी निराळ्या घडणीचे वेटोळे वापरतात.

१९९३ साली ह्युगाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅथिरिझमच्या रोग्यांवरच ही चुंबकाची चाचणी केली. पुढच्याच वर्षी यू. के. मिश्र आणि शर्मा या आपल्याकडच्या संशोधकांनी या रोग्यांच्या मज्जातंतूंतून संदेश कसा वाहतो याची मोजमापे प्रसिद्ध केली. हातोडीने जे सुचविले होते ते आता आकड्यांत मांडता येऊ लागले. दुखणे असते ते वरच्या वाटेत, मेंदूकडून मज्जारज्जूतून खाली येणाऱ्या तंतूंत. आणि पायांकडे जाणारे तंतू सर्वांत लांब.

हे तंतू मारतो कोण? दाण्यातील विषारी द्रव्य १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी वेगळे काढले. मज्जापेशी एकमेकींना हाक मारण्यासाठी जे रसायन वापरतात, त्याचेच हे सोंग घेते. पेशीला सारखी हाक ऐकू येत राहते, ती अहोरात्र चेकाळते आणि अखेर थकून मरते. मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून या रोगावर औषध नाही. आणि हे चुंबकही औषध नव्हे. ते फक्त बिघाडाची जागा दाखविते. बाजारात मिळणारे चुंबकाचे पट्टे आणि कडी तर तेवढेही करीत नाहीत, कारण त्यांचे बळ बदलतच नाही, आणि बळ बदलल्याशिवाय वीज उत्पन्न होत नाही.

मग लाखोळी टाकून द्यावी काय? १९६१ साली केंद्राने अन्नभेसळीच्या नियमांत तिच्या विक्रीवर बंदीची तरतूद केली. पण शेतकरी ती पेरीत राहिला आणि घरात खातही राहिला. अनेक वर्षांच्या वादानंतर २००८ साली महाराष्ट्राने बंदी उठविली. दरम्यान कमी विषाचे वाणही निघाले; रतन, प्रतीक आणि महातिवडा ही त्यांची नावे. जाणते सांगतात ते असे: कधीमधी वरणात पडलेली लाखोळी माणसाला पांगळे करीत नाही. भय आहे ते आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळीचाच होतो आणि तोही दोन-तीन महिने सतत, तेव्हा. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून टाकले तर विषाचा बराच भाग निघून जातो. पण पोट भरायलाच दुसरे काही नसेल, तिथे पाणी ओतून किती भागणार?

सागरच्या लोकांना डाळीची पारख नव्हती असे नाही. त्यांच्यापुढे दुसरे धान्यच नव्हते. घरात तांदूळ, ज्वारी, भाजी, थोडे दूध आले की हा रोग मागे हटतो, हे आपल्या देशातच दिसून आले आहे. नवे रोगी आता क्वचितच आढळतात. आपल्या शहरी घरांत भीती राहते ती भेसळीची. तूरडाळीत किंवा हरभऱ्याच्या डाळीत लाखोळी मिसळून विकण्याची युक्ती जुनी आहे. अखंड दाणा पाचरीसारखा चपटा आणि कोनेदार असतो. तो ओळखता येतो, पण पीठ झाल्यावर ओळखणे कठीण. तेव्हा गृहिणींनो, पुढच्या दिवाळीला डाळ विकत आणून, निवडून, मगच ती दळायला द्यावी, हे बरे. आणि रस्त्यात कोणी कात्रीसारखे पाय टाकीत काठीने चाललेला दिसला, तर त्याच्या पायांना बोल लावू नये. त्याने कधीकाळी काय खाऊन दिवस काढले असतील, ते आठवावे.